चमच्याचमच्यानं

"आता तरी थांब गं. पोरीच्या पोटाला जरा विसावा दे," सासू म्हणाली.

सुनेने मान हलवली आणि वाटीतलं पाणी पुन्हा चमच्यात घेतलं.

कपड्यांना इस्त्री करून करून सासूने या खोलीत हयात काढली होती. आज इस्त्री गार होती, शाळेचे गणवेश चुरगळलेले तसेच पडले होते आणि त्याच टेबलावर पाण्याचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. पाणी उकळून गार केलेलं, त्यात दवाखान्यातली क्षारांची पुडी विरघळवलेली. तान्ह्या चिमणीला पहाटेपासून जुलाब होत होते. तिचा बाप मालाचा ट्रक घेऊन परगावी गेला होता.

चिमणी प्यायली आणि लगेच ओकली. आता तरी ही हट्ट सोडेल, असं सासूला वाटलं. सुनेने लेकीचं तोंड पुसलं, थोडा वेळ तिला थोपटलं आणि पुन्हा चमचा लावला, आधीपेक्षाही सावकाश. मधूनच ती तिला पदराखाली घेई. जुलाब झाला की दुपटं बदलायचं, साबणाने हात धुवायचे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची, चटकन जागेवर जाते का पाहायचं आणि परत चमचा. चेहऱ्यावर ना वैताग, ना घाई. सासूने स्वतः हाडांची काडं केली होती, कामाला वाघ अशा बायका पाहिल्या होत्या. पण असा धीर तिने पाहिला नव्हता. खोलीत मोठ्याने श्वास घ्यायचंही तिला धाडस होईना.

दुपारी सून दुपटी पिशवीत भरू लागली.

"आई, सकाळपासून लघवी झाली नाही हिला. अजून थोडं पाजून बघू, नाहीतर रिक्षाने दवाखाना गाठू. डोळे खोल गेले तर थांबायचंच नाही."

सासू खाली बसली.

"माझ्या थोरलीचे गेले होते," ती म्हणाली. "पाणी मागत होती. पाण्याने जुलाब वाढतात, म्हणाले सगळे. मी हंडा उंचावर ठेवला."

नवऱ्याला मोठी बहीण होती, हे सुनेला आज कळत होतं. तिने चिमणीला उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही पाजा. माझा हात भरून आलाय."

खरंच भरून आला होता का, हे सासूने विचारलं नाही. पहिला चमचा हनुवटीवर सांडला. दुसरा आत गेला. चिमणीने ओठ चाटले आणि पाखरासारखं तोंड उघडलं. सासू पाजत राहिली. सून पिशवी घेऊन दाराशी रिक्षा पाहत उभी होती.

सासूला मांडीवर ओली ऊब जाणवली.

"अगं, इकडे ये," तिने हाक मारली.

सून धावत आली. वाकून पाहिलं, लघवीच होती. तिने पिशवी खाली ठेवली. मग हसली. डोळे पुसून तिने हात पुढे केले. "द्या, बदलते तिला. तुमची साडी भिजली सगळी."

"भिजू दे," सासू म्हणाली आणि चमचा पुन्हा भरला.