वाळूच्या वाटेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेत असतो तसाच, पण शाळेतून कधीचा बाहेर पडलेला. एका लहानशा बेटावर, बोटी लागतात त्या धक्क्याच्या तोंडाशी, मला दोन लोखंडी खांबांना बांधून ठेवलं आहे. एका कोपऱ्याला चीर गेली आहे, पाठीवर गंजाचे ओघळ आहेत. तरी सुट्टीला येणारी माणसं मला "किती गोड!" म्हणतात. या वयात कोणी गोड म्हटलं, तर नाही म्हणू नये.

जन्माने मी फळा नव्हे. एका मालवाहू गलबताच्या दाराची लाकडं होतो. ते गलबत इथल्या खडकावर फुटलं. माणसं वाचली आणि आम्ही लाकडं किनाऱ्याला लागलो. बेटावरचा सुतार काटकसरी होता. त्याने आमच्यातल्या चार फळ्या निवडल्या, रंधा मारून सांधल्या, वर काळा रंग चढवला आणि मला शाळेत नेऊन टांगलं.

तेव्हा बेट गजबजलेलं होतं. पुरुष मासेमारीला जात आणि बायका समोरच्या खडकाळ टापूवर मीठ पिकवत. ओहोटीला समुद्रातून वाळूची एक वाट वर येते. त्या वाटेने चाललं की पंधरा मिनिटांत टापू येतो. भरती लागली की वाट गडप होते. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन पाणी चढायच्या आत परतत. त्यांना घड्याळ लागत नसे. पाणी कधी फिरलं ते त्यांच्या घोट्यांना कळायचं.

शाळेत बाई होत्या. त्यांना नाव होतं, पण अख्ख्या बेटाला त्यांनीच बाराखडी शिकवलेली, त्यामुळे ते घ्यायची कोणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी माझ्यावर लिहिलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. मग मासे आटले. मिठाला गिऱ्हाईक राहिलं नाही. एकेक घर पलीकडच्या किनाऱ्यावर राहायला गेलं. वर्गात सात मुलं उरली, मग दोन. ती दोघं बहीणभाऊ, घरचं भांडण शाळेत आणायची. शेवटी शाळेला कुलूप लागलं. मी अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा होतो. काय चुकलं ते मला कोणी सांगितलं नाही.

पुढे शहरातली माणसं शांतता शोधत इथे येऊ लागली. ओस घरांना रंग लागले, दारांत पाहुण्यांच्या चपला दिसू लागल्या. सगळ्यांना वाळूच्या वाटेने टापूवर जायची हौस, पण त्यांच्या घोट्यांना काहीच कळत नव्हतं. तेव्हा बाईंनी मला बाहेर काढलं. रोज सकाळी त्या माझ्यावर एकच ओळ लिहू लागल्या. 'वाळूची वाट उघडी : इतक्यापासून इतक्यापर्यंत.' समुद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, म्हणून ओळ रोज बदलायची.

पाहुणे माझे फोटो काढत. मी हरखून जायचो.

"काढतात सगळे, वाचत कोणी नाही," बाई म्हणायच्या. मला वाटायचं, बाईंना माझा हेवा वाटतो.

एका सकाळी नऊच्या सुमाराला एक बाबा, त्यांची सात वर्षांची चिऊ आणि चिऊची आत्या असे तिघे आले. चिऊची आई दोन दिवसांनी येणार होती. बाई ओळ लिहून चहाला गेल्या होत्या. 'सात ते दहा,' ठळक अक्षरांत लिहिलेलं.

"ताई, तू आणि चिऊ फळ्यासमोर उभ्या राहा. हसा!" बाबा म्हणाले.

"वाट किती वाजेपर्यंत असते रे?" आत्याने विचारलं.

"साडेअकरा. चिऊच्या मामाने याच फळ्याचा फोटो पाठवलाय."

"मामाने? तो स्वतःच्या लग्नाला तासभर उशिरा पोचला होता!"

"अगं, फळ्यावर लिहिलेलं खोटं असतं का?"

नव्हतंच खोटं. फोटो माझाच होता, पण तेरा दिवसांपूर्वीचा. माझ्याकडे दोघींची पाठ होती आणि बाबांची नजर फोनच्या काचेत. मी लाकूड नसतो तर ओरडलो असतो. तिघे हसत वाटेला लागले.

टापूवरचं मी नंतर आत्याच्या तोंडून ऐकलं. चिऊ शिंपले वेचत होती. आत्या खडकावर टेकली आणि "माझे डोळे मिटलेत का बघू" म्हणून तिने बाबांच्या फोनमधला सकाळचा फोटो बोटांनी मोठा केला. डोळे उघडे होते. खांद्यामागे मी होतो. 'सात ते दहा.' आणि दहा वाजून गेले होते.

"ऊठ! पोरीला खांद्यावर घे!"

"पण मामाने तर..."

"मामा गेला खड्ड्यात! चल!"

इकडून मला दिसत होतं, वाटेच्या मधोमध दोन्हीकडचं पाणी एकमेकांना मिळालं होतं. तेवढ्यात बाई आल्या. शाळेतही कधी न धावलेल्या बाई धावत वाटेच्या टोकाला गेल्या आणि मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज त्यांनी काढला.

"डावीकडे! तुमच्या डाव्या हाताला दगड आहेत! मिठवाल्यांनी रचलेत! त्यांच्यावरून पायाने चाचपत या!"

बाबांच्या खांद्यावर चिऊ, त्यांचा सदरा मुठीत धरून आत्या. तिला पोहता येत नव्हतं. पाणी तिच्या कमरेपर्यंत चढलं, मग मांड्यांवर, मग गुडघ्यांवर उतरलं. वाळू लागल्यावर ती मटकन बसली आणि खाली उतरवलेल्या चिऊचे पाय छातीशी धरून रडली.

"वाचता येतं ना?" बाईंनी बाबांना विचारलं.

"येतं, बाई." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी तोंडातून 'बाई'च आलं. निथळत्या हाताने त्यांनी मामाचा फोटो दाखवला.

बाईंनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "अक्षर माझंच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चूकही माझी. चाळीस वर्षं फळ्यावर आधी वार, तारीख आणि मगच धडा. इथे आले आणि तेवढंच सोडलं. म्हटलं, आजचा दिवस कोणता ते कोणाला माहीत नसतं?"

त्यांनी खडू बाबांपुढे धरला. "लिहा."

ओल्या बोटांत खडूचा भुगा होत होता. बाबांनी वार लिहिला, तारीख लिहिली. ओळ उतरती गेली. बाईंनी ती पुसून सरळ केली नाही.

तेव्हापासून माझ्या माथ्यावर रोज वार आणि तारीख असते. मित्रांनो, सुट्टीत कुठे गेलात तर माझ्यासारख्यांचे फोटो खुशाल काढा. मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण त्याआधी एकदा तोंड इकडे करा आणि आज काय लिहिलंय ते वाचा. बाईंच्या गुडघ्यांना आता पुन्हा धावणं झेपायचं नाही.