रुपरावांच्या हाताचा आकडा

नागपूरच्या धरमपेठेतलं कॅमेऱ्याचं सर्व्हिस सेंटर महिनाअखेर बंद होणार, असा मेल सोमवारी सकाळी मुख्य कचेरीतून आला. काउंटरवरची प्रीती तो वाचून आधी चिडली, मग रडली, मग तिने चार जणांना फोन केले. प्रेमानंद मेश्रामने मेल दोनदा वाचला आणि समोर उघडून ठेवलेल्या कॅमेऱ्याचे स्क्रू एकेक करून बसवायला घेतले. अठरा वर्षं तो त्याच टेबलाशी बसत होता. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं त्याला कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं. दुपारी त्याने डबा खाल्ला, आणि प्रीतीने "आज काय भाजी होती?" असं विचारलं तेव्हा त्याला आठवेना.

तसं यात अचानक काही नव्हतं. प्रेमानंदचं मुख्य काम लेन्सचा फोकस जुळवायचं. जुन्या, आरसा असलेल्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग वेगळा आणि फोटो उतरतो तो भाग वेगळा. दोघांत केसभर फरक पडला, की कॅमेरा डोळ्यांवर नेम धरतो आणि स्वच्छ येतो कान. तो फरक मोजायचा आणि कॅमेऱ्याला तेवढा आकडा शिकवायचा. नव्या कॅमेऱ्यांत आरसाच नाही. ते फोटो उतरतो तिथेच फोकस मोजतात, त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. दोन वर्षांपासून टेबलावरच्या लेन्स कमी होत चालल्याच होत्या.

घरी त्याने सांगितलं नाही. बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये मिनल, त्याची बायको, रोजच्यासारखी ती शिकवते त्या शाळेतल्या गोष्टी सांगत होती, आणि तो रोजच्यासारखा हुंकार भरत होता. मंगळवारी सांगू म्हणून राहिलं, मग बुधवारी.

गुरुवारी रुपराव आले. उंच, सत्तरीचे, स्वच्छ पांढरा शर्ट. कॅमेऱ्याची बॅग त्यांनी टेबलावर ठेवली आणि स्वतः खुर्चीच्या पाठीला धरून हळूच बसले. प्रेमानंद त्यांना वीस वर्षं ओळखत होता. इतवारीत त्यांचा स्टुडिओ होता. तो बंद केल्यावर ते उमरेडच्या आणि नागपूरच्या म्हाताऱ्या विणकरांचे फोटो काढत फिरत. त्यांचं स्वतःचं घराणंही हातमागाचंच.

"लेन्स खराब झाली गा," ते म्हणाले. "सारे फोटो नाकावर येऊन राहिले. डोळे पाहा, कसे पिठासारखे दिसून राहिले."

त्यांनी प्रिंट काढून दिले. खरंच, नाकाचा शेंडा लख्ख आणि डोळे धूसर.

"पडली होती का?"

"पडली नाही. दिवाळीत मी पडलो." रुपराव हसले. "लकव्याचा जरासा झटका आला होता. पंधरा दिवस दवाखान्यात होतो. आता सारं ठीक आहे. पण लेन्स तेव्हापासून अशी करून राहिली. रविवारी उमरेडले जायचं आहे मले. माही मोठी बहीण भागीरथा तिथं राहते. चौऱ्याऐंशी वर्षाची आहे. तिच्या घरचा माग रविवारी खोलून राहिले पोरं, जागा पाहिजे त्यायले. त्याच्या आधी तिचा मागावर बसलेला फोटो पाहिजे मले. एकदाच भेटन तो."

प्रेमानंदने कॅमेरा घेतला. मागच्या खोलीत भिंतीशी काळ्या-पांढऱ्या चौकटींचं लक्ष्य उभं होतं, त्याच्या बाजूला तिरकी पट्टी, मिलिमीटरच्या रेघा मारलेली. समोर सव्वाचार मीटरवर त्याने कॅमेरा स्टँडवर बसवला, पातळी पाहिली, दिवे लावले. प्रत्येक फोटोआधी फोकस पार टोकाला फिरवायचा आणि मग कॅमेऱ्याला आपलं आपण शोधू द्यायचं. असे दहा फोटो. पट्टीवरची कोणती रेघ सगळ्यात स्वच्छ आली, ते कॉम्प्युटरवर मोठं करून बघायचं.

दहाच्या दहा बरोबर होते. लेन्सला 'अधिक एक' एवढ्याही आकड्याची गरज नव्हती.

त्याने परत दहा काढले. तेच.

रुपराव दारात उभे राहून बघत होते. प्रेमानंदने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला दिसलं: ते सरळ उभे नव्हते. दाराच्या चौकटीला टेकले होते, आणि टेकलेलं सोडलं की किंचित मागे झुकत होते.

"रुपरावजी, आता तुम्ही काढा," तो म्हणाला. "स्टँड नाही, हातात धरून. माणसाचा फोटो काढता तेवढ्या अंतरावरून."

रुपरावांनी दोन मीटरवरून वीस फोटो काढले. चाळीस वर्षांची सवय: बटण अर्धं दाबून फोकस धरायचा, चौकट जुळवायची, श्वास रोखायचा, मग पूर्ण दाबायचं. प्रेमानंद बाजूने बघत राहिला. अर्धं दाबल्यापासून पूर्ण दाबेपर्यंत त्यांचं शरीर प्रत्येक वेळी तेवढंच मागे जात होतं.

वीसपैकी सतरा फोटोंत फोकस लक्ष्याच्या तीन-चार सेंटिमीटर अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला पडला होता.

एरवी असं सांगायला प्रेमानंदला शब्द सापडले नसते. त्याने दहा वेळा घसा साफ केला असता. त्या दिवशी ते सरळ तोंडातून निघालं.

"लेन्स बरोबर आहे. तुम्ही मागे जाता."

रुपराव स्क्रीनवरच्या रेघांकडे बघत राहिले.

"झटक्यामुळे असेल," प्रेमानंद म्हणाला. "तुम्हाले समजत नाही, पण जाता."

"डॉक्टर म्हणे, सारं ठीक आहे."

"चालाले ठीक आहे."

बाहेर प्रीती कोणाला तरी सांगत होती, की नवीन काम आता घेऊन नाही राहिलो. प्रेमानंदने त्यांना फोकस सतत नव्याने धरत राहणारी सेटिंग लावून दिली, पण रुपरावांना ती जमेना. बोट चुकत होतं, चौकट सुटत होती. सहा फोटोंनंतर त्यांनी कॅमेरा खाली ठेवला.

"राहू दे गा," ते म्हणाले. "रविवारी मोबाइलवर काढन कोणी."

ते बॅग आवरायला लागले. एक हात चेन ओढत होता, दुसरा टेबलाला धरून होता. प्रेमानंद ते बघत होता. मग त्याने बॅगेतून कॅमेरा परत काढून घेतला.

"थांबा जी."

नियम असा, की लेन्स कंपनीच्या मापाला जुळली पाहिजे. अठरा वर्षांत त्याने एकदाही वेगळं केलं नव्हतं. आता त्याने मेनू उघडला आणि आकडा अधिक पाचवर नेला. अधिक केलं, की फोकस मागे सरकतो. रुपरावांनी परत वीस काढले. जवळ आलं, पण पुरं नाही. अधिक बारा जास्त झालं, फोकस लक्ष्याच्या मागे गेला. अधिक नऊवर वीसपैकी सोळा लख्ख. प्रेमानंदने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ध्या तासाने परत वीस काढायला लावले. सतरा.

"आता हा कॅमेरा तुमच्या हाताचा झाला," तो म्हणाला. "याच्यावर हीच लेन्स लावायची, आणि माणूस एवढ्याच अंतरावर ठेवायचा. दुसऱ्या कोणाले देऊ नका. त्याच्या हातात हा चुकन."

रुपरावांनी मान हलवली. "म्हणजे मी चुकीचाच राहीन, अन् फोटो बरोबर येईल."

"हो."

"चालते," रुपराव म्हणाले, आणि त्यांनी कॅमेरा बॅगेत ठेवला.

रिपोर्टच्या कागदावर 'बसवलेला आकडा' अशी जागा होती. प्रेमानंदने तिथे अधिक नऊ लिहिलं, आणि शेऱ्यात लिहिलं, 'ग्राहकाच्या हातावर तपासून.' मुख्य कचेरीतून कोणी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी, सेंटर बंद व्हायच्या दोन दिवस आधी, रुपराव एक मोठा प्रिंट घेऊन आले. भागीरथाबाई मागावर बसल्या होत्या, एक हात धोट्यावर, आणि सरळ समोर बघत होत्या, जराशा वैतागलेल्या, उशीर करणाऱ्या भावाकडे बघावं तशा. पापण्यांचे केस मोजता येत होते. मागाचे ताणलेले उभे धागे धुक्यात गेले होते.

"पस्तीस काढले," रुपराव म्हणाले. "तीन गेले. तिनं शिव्या दिल्या मले. मग उतरली, अन् पोरांनी माग खोलला."

"रडल्या?"

"नाही. चहा ठेवला तिनं साऱ्यायले."

प्रेमानंदने फोटोवर भिंग धरलं. उजवा डोळा, डावा डोळा. काम चोख झालं होतं. आता तरी छातीत काही हलेल म्हणून तो क्षणभर थांबला. काही हललं नाही. पण भिंगही त्याने लगेच खाली ठेवलं नाही. रुपराव गेल्यावर, सकाळपासून काही खाल्लं नाही हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने डबा उघडला. वांग्याची भाजी होती.

त्या दिवशी तो उजेड असतानाच बेसाला पोचला. मिनल जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती.

"लवकर आले?"

"सेंटर बंद होऊन राहिलं," तो म्हणाला. "रविवारपासून."

मिनलचे हात थांबले. "केव्हा समजलं?"

"अकरा-बारा दिवस झाले."

"अन् आता सांगून राहिले? काहून नाही सांगितलं?"

त्याने खरंच विचार केला. "सांगाले काही वाटतच नव्हतं. रोज वाटायची वाट पाहिली."

ती चिडली. ते तिच्या नाकावर दिसलं. मग ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, जसं कधी कधी तापात असलेल्या माणसाकडे बघतात.

"आता वाटून राहिलं?"

"नाही," तो म्हणाला. "थोडंसं. माहीत नाही."

मिनलने पेपर थोडा सरकवला आणि दुसरी जुडी त्याच्यापुढे टाकली. प्रेमानंद शर्ट न बदलताच खाली बसला आणि एकेक काडी हातात घेऊन पानं खुडू लागला.