इतादकीचं पाणी

मी इनॅमलचा मग बोलतोय. फौजेतला. अंगाला पांढरा मुलामा, कडेला निळी रेघ, आणि तळाशी टवके उडून काळा पत्रा दिसतो. आता सौंसरच्या एका स्वयंपाकघरात खिडकीपाशी माझी जागा आहे. मला ओठ लावणाऱ्या माणसाबद्दल मला फार कुतूहल असतं. त्यातल्या एकाबद्दलचं तर ऐंशी वर्षांत संपलेलं नाही.

माझा पहिला मालक शांतवन. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशात जखमींचं स्ट्रेचर उचलायचा. स्ट्रेचरचं दुसरं टोक याकोबच्या हातात. शांतवन सौंसरचा, याकोब पांढुर्ण्याचा. दोघंही ख्रिस्ती, बोलीही एकच. याकोबनं स्वतःचा मग पहिल्याच आठवड्यात हरवला, त्यामुळे दोघं माझ्यातूनच चहा प्यायचे.

१९४४ चा नाताळ आला. पाद्रीसाहेबांचा चांदीचा पेला नदी ओलांडताना वाहून गेला होता. शांतवननं मला राखेनं घासून पुढं केलं. बांबूच्या बनात अठरा शिपायांनी प्रभुभोजनाचा द्राक्षारस माझ्यातून घेतला. त्यांत याकोबही होता. आठच दिवसांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ जपानी गोळीनं गेला होता.

प्रार्थना संपते न संपते तोच एका जखमी जपानी शिपायाला धरून आणलं. मांडीला गोळी लागलेली, जीभ कोरडी पडलेली. शांतवननं माझ्यात पाणी भरलं. याकोबनं त्याचं मनगट पकडलं.

"या मगातून नको. आत्ताच प्रभूचा द्राक्षारस होता यात."

"मंग कशातून पाजू?"

"वत वंजळीत, वरून. याच लोकायनं माह्या भावाले मारलं."

शांतवननं मनगट सोडवून घेतलं. लहानपणी तो मजुरीला जायचा तिथं त्याला असंच पाणी मिळायचं. भांडं बाटू नये म्हणून उंचावरून ओतलेलं, अर्धं कोपरावरून गळून जाणारं.

"वरून वतलेलं पाणी मी लय पेलो, याकोब. मी कोनाले तसं पाजनार नाही."

"तर मंग आजपासून माह्यासोबत बोलू नको."

शांतवननं मला त्या जखमीच्या हातात दिलं. त्यानं दोन्ही हातांनी धरलं, मान लववली आणि हळूच काहीतरी म्हणाला. मग एका दमात सगळं पाणी प्यायला.

"इतादकी… नाव सांगून राहिला वाटते," शांतवन म्हणाला. स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्यानंही सांगितलं, "शांतवन." दुपारी लॉरीतून त्या शिपायाला मागं नेलं. जगला की मेला, कोणाला कळलं नाही.

याकोबनं शब्द पाळला. स्ट्रेचर दोघं बरोबरच उचलत. चहा मात्र तो दुधाच्या रिकाम्या डब्यातून पिऊ लागला. युद्ध संपल्यावर नागपूर स्टेशनावर दोघं वेगवेगळ्या गाड्यांत बसले.

सौंसरला शांतवन दवाखान्यात कंपाउंडर झाला. संसार केला, मुलगी जयवंता झाली. दर नाताळाला तो माझ्यात पाणी भरायचा आणि प्रार्थना करायचा, "प्रभू, याकोबाले सुखी ठेव. इतादकीले सुखी ठेव." तो गेल्यावर जयवंताबाईंनी ती प्रार्थना चालू ठेवली.

मागच्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांची नात हिमानी मोबाइलवर परदेशातली जेवणं पाहत होती. एकदम ओरडली, "आजी, हे पाह्य! हाही इतादकी म्हणून राहिला!"

एक जपानी माणूस वाटीपुढं हात जोडून तेच म्हणत होता. हिमानीनं अर्थ शोधला. "नाव नाही हे. 'इतादाकिमास', म्हणजे 'मी हे नम्रपणे घेतो.' खायच्या-प्यायच्या आधी म्हणतात तिकडे."

जयवंताबाई चुलीपासून उठून आल्या. "म्हंजे बाबाले त्याचं नाव कधी मालूमच नव्हतं?"

"आता कुठं शोधणार त्याला? पण आजी, याकोब हे तर खरं नाव आहे ना? ते कुठले?"

"पांढुर्ण्याचे."

"पांढुर्णा? एवढ्या जवळ? अन् कोणी गेलंच नाही?"

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्यावर जयवंताबाईंनी मला पिशवीत घातलं आणि आजी-नात बसनं पांढुर्ण्याला गेल्या. चर्चबाहेर विचारत विचारत घर सापडलं. दार याकोबच्या नातसुनेनं, रूपालीनं उघडलं. याकोब जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

"फौजेत होते एवढं ऐकलं आहे," ती म्हणाली. "घरी कधी काही सांगितलं नाही म्हणतात. तुम्ही बसा ना. काय झालं होतं?"

जयवंताबाईंनी पहिल्यापासून सांगायला घेतलं, याकोबच्या भावाच्या मरणासकट, काही न लपवता. ऐकता ऐकता रूपालीचे डोळे भरले. मी टेबलावर होतो, हिमानीनं पाणी पिऊन अर्धा ठेवलेला. रूपालीनं मला उचललं, उरलेलं पाणी पिऊन टाकलं, आणि म्हणाली, "पुढं सांगा."

त्या जपानी शिपायाचं नाव मला अजून हवं आहे. कोणाला कळलं तर सौंसरला येऊन नक्की सांगा. पाणी मी देईन.