माझ्या टाकीतलं औषध

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. मित्रांनो, कडावजवळच्या हिरूबाबांच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली माझी पिवळी टाकी बघून तुम्ही म्हणाल, या अडगळीला कसलं आलंय आयुष्य! पण मी जे पाहिलंय, ते आजही विसरलेलो नाही.

कर्जतच्या दुकानातून हिरूबाबांनी मला पाठीवर घालून आणलं, तेव्हा मी नवाकोरा होतो. मळ्यात माझा भारी रुबाब होता. मावा पडला की पंप, अळी दिसली की पंप. माझ्या पोटात ओतायचे ते विष होतं, पण सगळे त्याला औषधच म्हणायचे. मलाही ते औषधच वाटायचं.

मग हर्षला सून होऊन आली. तिने पनवेल-बदलापूरची काही कुटुंबं मळ्याशी जोडली. ही मंडळी हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरून वाटेकरी होतात आणि भाजी पिकेल तशी वाटून नेतात. जास्त पिकली तर जास्त, कमी पिकली तर कमी, कुणाची कुरकुर नाही. त्यांना वचन एकच दिलं होतं, विष मारणार नाही. तेव्हापासून मी खुंटीला लागलो. वाटेकरी आले की पोरं वेलीवरची काकडी तोडून तशीच खायची. पहिली काकडी हिरूबाबा विनिताला द्यायचे. पनवेलची ही चुणचुणीत चिमुरडी त्यांना आजोबा म्हणायची.

यंदा काकडीवर मावा पडला. कडुनिंबाचा अर्क मारून मारून हर्षला थकली, तरी पानं आकसतच चालली. वाटेकऱ्यांच्या पिशव्या रिकाम्या जातील, या धास्तीने हिरूबाबांची झोप उडाली. घरात कुणी नाही असं बघून एका सकाळी त्यांनी मला खाली काढलं. माणसं पुढच्या आठवड्यात येणार, तोवर औषध उतरेल सगळं, असं पुटपुटत त्यांनी अख्खा मांडव फवारला.

माणसं दुसऱ्याच दिवशी आली. बेत बदलल्याचं हर्षलाने सगळ्यांना मोबाईलवर कळवलं होतं, घरातल्या म्हाताऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं. हिरूबाबा गुरं घेऊन ओढ्यावर गेले होते. विनिता मांडवाखाली शिरली.

"खा गं, बिनघोर खा," हर्षला म्हणाली.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून बघत होतो. माझ्या तोंडाला अजून तो उग्र वास येत होता. मला ओरडता आलं असतं तर!

काकडी ओठाला लागली आणि माणसांचा गलका ऐकून हिरूबाबा ओढ्यावरून धावत आले. त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. काकडी मातीत पडली, पोर भेदरून रडायला लागली आणि तिचा बाप मुठी आवळून पुढे झाला.

"मला मारा," हिरूबाबा म्हणाले. "पन तिला खाऊ देऊ नका. काल फवारलंय मी. घरात कुनाला ठाव नाय."

हर्षलाने विनिताला चूळ भरायला लावून डॉक्टरांकडे नेलं. पोर सुखरूप होती. पण काही कुटुंबं पुन्हा आली नाहीत. तो मांडव हिरूबाबांनी स्वतःच्या हाताने उपटला.

माझ्या तळाला आता भोक आहे. तापल्या सळईने तेही त्यांनीच पाडलं. मला राग नाही आला. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा पंप असेल, तर त्यात काय ओतता ते खाणाऱ्यापासून लपवू नका, एवढंच माझं मागणं आहे.

विनिता अजून येते. नव्या वेलींना काकड्या लागल्यात. ती एक तोडते, हातात धरून ठेवते आणि विचारते, "आजोबा, खाऊ?"

"खा गं बाय," हिरूबाबा म्हणतात आणि तोंड फिरवतात. पूर्वी ती कधी विचारत नव्हती.