न उतरणारा चार्ज

“शालन, माझा फोन चार्जिंगला लाव ना गं, माझे हात पिठाचे आहेत,” शेवंती तव्यामागून ओरडली. “बाराला नातवाचं उष्टावण आहे. ऐश्वर्या व्हिडिओ कॉल करणारे.”

मानपाड्याच्या पोळीभाजी केंद्रात सकाळपासून हेच ऐकून शालनचे कान किटले होते. शेवंतीची लेक बंगळूरला, नातू तिथेच, आणि रजा न मिळालेली आजी इथे पोळ्या भाजत होती. शालनने फोन उचलला. केवढं ते धूड! धरायला दोन हात लागतात आणि दुपार होईतो मान टाकतं. तिचा स्वतःचा बटणांचा फोन ब्लाउजमध्ये सहज मावायचा आणि आठवडाभर चार्जिंग मागायचा नाही. तिच्या लेकाने, सुदेशने, पहिल्या पगारात तो आणला, तेव्हा इथल्या सगळ्या बायका “बाई गं, एवढासा!” म्हणत तो हातात घेऊन बघत होत्या. तेव्हा लहान फोनाचीच ऐट होती. मग फोन ताटाएवढे झाले आणि तिच्या फोनाकडे कुणी ढुंकून बघेना. सुदेशही लग्न करून कळव्याला वेगळा झाला.

तिने चार्जरची पिन फोनात खुपसली. इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीवरचं बटण काही दाबलं नाही. सरळ सांगायचं तर ती जळत होती. हिला रोज लेक हाक मारते, रोज हिच्या फोनात बाळ हसतं, आणि आपल्याला दिवाळीशिवाय कुणी विचारत नाही!

बाराला कॉल आला. शेवंतीने फोन पिठाच्या डब्याला टेकवला, बायका भोवती जमल्या. मामाच्या मांडीवर कुंची घातलेलं बाळ, पुढे चांदीची वाटी. मामाने खिरीचं बोट पुढे केलं, बाळाने आ केला आणि फोन बंद पडला.

“अगं बाई! लावलेलास ना गं चार्जिंगला?”

“लावलेला की. मोठ्या फोनांचं हे असंच. माझा बघ कसा चालतो!”

एवढं ऐकवायला मिळावं म्हणून तर सगळा खटाटोप. पण शेवंती भांडलीच नाही. पिठाचे हात तसेच धरून ती बंद फोनाकडे बघत राहिली.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. सुदेश! तिने घाईघाईने फोन काढून कानाला लावला.

“शालनमावशी, मी ऐश्वर्या. आईने तुमचा नंबर देऊन ठेवलेला, तिचा बंद पडला तर लाव म्हणून. देता तिला?”

देऊ नये, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिने फोन शेवंतीच्या कानाशी धरला.

“खाल्लं का गं त्याने? तोंड वाकडं केलं? काय सांगतेस, मामाचं बोट चावला?” शेवंती डोळे मिटून विचारत होती, हसता हसता रडत होती. किती तरी वेळ ती बोलत होती आणि शालन हात अवघडला तरी फोन धरून उभी होती.

बोलणं संपल्यावर शालनने शेवंतीचा फोन पुन्हा चार्जरला लावला आणि या वेळी भिंतीवरचं बटण दाबलं. शेवंती डोळे पुसत म्हणाली, “एवढं बोलले, तरी तुझ्या चार्जिंगची एक दांडी उतरली नाही बघ! सुदेशचं बरंय बाई. आईचा फोन बंद आहे, असं त्याला कधी ऐकावं लागत नसेल.”

“नाही गं,” शालन म्हणाली. “कधीच नाही.”

आणि तिने पुढचा गोळा लाटायला घेतला.