कामिनीच्या मुलाचा धर्मपिता

कामिनीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला अश्विन धर्मपिता म्हणून उभा राहणार, हे प्रेमिलाला तिच्या सासूकडून कळलं. सासूबाई ओट्याशी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होत्या.

"तुले सांगितलं नाही का वं त्यानं?" त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी आहे. आपल्याच चर्चमध्ये."

"नाही सांगितलं."

"विसरला असन," म्हणत सासूबाईंनी जुडीची मुळं कापून टाकली.

नवरा हे विसरलेला नाही, हे प्रेमिलाला ठाऊक होतं. कामिनी आणि अश्विन एकाच गल्लीत वाढले होते, चर्चमध्ये एकाच गायकमंडळात गायचे. कामिनीच सून म्हणून यावी, असं सासूबाईंच्या मनात होतं आणि ते त्यांनी कधी लपवलंही नव्हतं. पण अश्विन एकदा डेंग्यूची तपासणी करायला नंदनवनातल्या पॅथॉलॉजीत गेला, तिथे प्रेमिलाने त्याच्या हाताची शीर तिसऱ्या प्रयत्नात शोधली, आणि वर्षभराने त्यांचं लग्न झालं. प्रेमिलाचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. बिशपांची परवानगी काढून लग्न चर्चमध्ये लागलं, आणि दुसऱ्या दिवशी विहारातही. रितिका झाली तेव्हा अश्विनने तिच्या बाप्तिस्म्याचं विचारलं. प्रेमिला म्हणाली, "मोठी झाली की तिचं ती ठरवेल." त्याने पुन्हा विचारलं नाही. रितिका आता सहा वर्षांची होती.

म्हणजे स्वतःच्या मुलीला घेऊन अश्विन बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाशी उभा राहू शकला नव्हता, आणि आता उभा राहणार होता तो कामिनीच्या मुलासाठी. प्रेमिलाला हे दिवसभर टोचत राहिलं. लॅबमध्ये तिने एका नमुन्यावर दुसऱ्याच पेशंटचं लेबल चिकटवलं, आणि वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

संध्याकाळी अश्विन लकडगंजहून आला. तो तिथे प्लायवूडच्या एका दुकानाचं सगळं बघायचा. प्रेमिलाने चहा त्याच्यासमोर ठेवला.

"कामिनीनं तुले विचारलं?"

"त्या दोघांनी विचारलं."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो."

"आणि धर्ममाता कोण?"

"मोनाली. साहिलची बहीण." साहिल म्हणजे कामिनीचा नवरा, कन्हानला कोळशाच्या खाणीत होता, आणि दोघं तिथेच राहायचे.

"मी चालली नसती का?"

अश्विनने कप खाली ठेवला. "तू कॅथलिक नाहीस ना, प्रेमिला. चर्चचा नियम आहे तो."

तो सरळच बोलला होता, टोमणा नव्हता. धर्ममाता होण्याची तिला हौसही नव्हती. तरीही नवऱ्याच्या शेजारची एक जागा अशी आहे जिथे आपल्याला उभंच राहता येत नाही, आणि ती जागा त्याला कामिनीने दिली, हे तिला सहन होईना.

त्यात मंगळवार होते. चार महिन्यांपासून अश्विन दर मंगळवारी उशिरा येत होता. विचारलं तर म्हणायचा, गोदामात माल उतरून राहिला. एका मंगळवारी तिने दुकानात फोन केला, तर तो पाचलाच निघाल्याचं कळलं. नंतर कामठीला नोकरी करणारा तिचा मावसभाऊ गौरांग सहज बोलून गेला, "भाऊजी दिसले ना मले कन्हानच्या पुलावर, मंगळवारी." त्यावर प्रेमिलाने एक शब्द विचारला नाही, ना गौरांगला, ना अश्विनला. रात्री ती कामिनीने टाकलेले फोटो मात्र मोबाइलवर बघत बसायची. डोहाळजेवणाची हिरवी साडी, बाळाचं बारसं. प्रत्येक फोटोत मागे कोण उभं आहे ते मोठं करून बघायची.

शनिवारी दुपारी दोनला कामिनीचा फोन आला.

"वहिनी, अश्विनचा फोन बंद येऊन राहिला. फादरनं बाप्तिस्म्याच्या तयारीचा उद्याचा क्लास आजच ठेवला, पाच वाजता. आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, सगळे पाहिजेत. जो येणार नाही त्याले उभं राहू देत नाहीत ते. तेवढं सांगता का त्याले?"

"सांगते," प्रेमिला म्हणाली.

अश्विन तीनला जेवायला घरी आला. शनिवारी दुकानातून तो लवकर सुटायचा. त्याच्या फोनची बॅटरी उतरली होती. प्रेमिलाने फोन स्वतःच घेतला, चार्जिंगला लावला आणि चालू केला नाही. जेवून तो पंख्याखाली आडवा झाला. साडेचारला ती दारात येऊन उभी राहिली. अजून उठवलं असतं तर गाडीवर पंधरा मिनिटांत पोचला असता. पावणेपाचला ती दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेली, आणि सगळ्या कपड्यांच्या घड्या तिथेच घालत बसली. पाच वाजून गेले तेव्हा खाली आली. तिला खरोखर हलकं वाटलं.

सहाला अश्विनने फोन चालू केला. साहिलचा मेसेज होता. फादरांनी नाव कापलं होतं. अश्विनने तिथूनच कामिनीला फोन लावला. प्रेमिला दोन हात अंतरावर भाजी चिरत होती. आता आपलं नाव निघणार, म्हणून तिने विळीवरचा हात थांबवला.

"मले कोणी सांगितलंच नाही," अश्विन म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. "हं. होतं असं. तू तरी किती लक्षात ठेवशील, बाळ लहान आहे."

फोन ठेवून तो म्हणाला, "तिच्याकडूनच राहिलं सांगायचं."

 कामिनीने आपल्याला वाचवलं, हे प्रेमिलाला कळलं. पकडली गेली असती तर भांडण झालं असतं, ती रडली असती, मंगळवारचं सगळं ओकून मोकळी झाली असती. आता उलट तिच्यावर कामिनीचा उपकार झाला. त्या रात्री अश्विन जेवला नाही. बाप्तिस्म्यासाठी शिवायला टाकलेला पांढरा शर्ट तो शिंप्याकडून आणायला गेला नाही. प्रेमिलाला हवं होतं तेच घडलं होतं, आणि त्यातलं तिला काहीही नको होतं.

सोमवारी लॅब सुटल्यावर तिने गाडी थेट कामठी रोडला घातली. कन्हानला पोचेस्तोवर तिने मनात दहा वाक्यं जुळवली होती. कामिनीने दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर बाळ होतं, आणि केस दोन दिवस विंचरलेले दिसत नव्हते. फोटोतल्यापेक्षा ती पुष्कळ थकलेली होती.

"या वहिनी."

"तू त्याले खोटं काहून सांगितलं?" प्रेमिला दारातच म्हणाली. "मी सांगितलं नाही त्याले. मुद्दाम."

"मले समजलं ते." कामिनीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुमच्या घरात माझ्या नावानं भांडण नको होतं. माझ्या घरात आधीच पुष्कळ झाली. बसा ना."

प्रेमिला बसली. कामिनीने दार लोटलं.

"अश्विनचं नाव मी सुचवलं नव्हतं. मी तर नाहीच म्हणत होती. लोक काय बोलतील, तुम्हाला काय वाटेल, सगळं सांगून पाहिलं. साहिल ऐकेना. म्हणाला, तो नसन तर बाप्तिस्माच नको."

"साहिलनं काहून एवढं धरलं?"

कामिनीने जरा वेळ बाळाची पाठ थोपटली. "साहिल पीत होता, वहिनी. मी पोटुशी असतानाही. कामठीला दारू सोडणाऱ्यांची बैठक असते, दर मंगळवारी. एकटा जायला घाबरायचा. अश्विन येतो, त्याले घेऊन जातो, बैठक संपेपर्यंत बाहेर बसतो, आणि दारापर्यंत आणून सोडतो. चार महिने झाले, साहिलनं हात नाही लावला. कोणाले सांगायचं नाही अशी शपथ घेतली त्यानं अश्विनकडून. तुम्हालाही नाही."

 प्रेमिलाने पाणी मागितलं आणि पूर्ण ग्लास संपवला. कामिनीबद्दल आता वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण या घरातलं एवढं मोठं दुःख अश्विनला चार महिने ठाऊक होतं आणि आपल्याला नव्हतं, याचाही चटका बसला.

परत येताना ती घरी न जाता चर्चच्या आवारात थांबली. फादर कुंड्यांना पाणी घालत होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, साहिलची गोष्ट सोडून.

फादरांनी पाइप खाली ठेवला. "हे मला सांगायची तुला काही गरज नव्हती."

"माहीत आहे."

"अश्विनला उद्या सकाळी सातला पाठव. एकट्याचा क्लास घेईन. तू आलीस तरी चालेल, मागे बसून ऐक."

"मी नाही येणार, फादर."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि पाइप पुन्हा उचलला.

घरी अश्विन रितिकाचं गणित घेत होता. रितिका खेळायला गेल्यावर प्रेमिलाने त्यालाही सांगितलं. बंद ठेवलेला फोन, गच्ची, गौरांगचं बोलणं, कन्हान, सगळं. त्याने पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली.

"गौरांगनं सांगितलं, तवा मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर पुन्हा खोटं बोलला असतास."

त्याने विचार केला. "हो. बोललो असतो."

"मग?"

"मग काही नाही. पण त्या दिवशी मी झोपलो होतो आणि तू मले पाहत होती, ते मले लवकर विसरता येणार नाही, प्रेमिला."

दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. क्लासला मात्र गेला. शुक्रवारी पांढरा शर्ट शिंप्याकडून तीच घेऊन आली. बाप्तिस्म्याला तो शर्ट घालून निघाला तेव्हा तिने कॉलर नीट केली, ती त्याने करू दिली.

रविवारी ती रितिकाला घेऊन तिसऱ्या बाकावर बसली. बाळ मोनालीच्या हातात होतं. फादरांनी तीनदा पाणी घातलं तेव्हा ते रडलं नाही, साहिल रडला. अश्विनने मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवून घेतली. तिचं मेण त्याच्या बोटांवर सांडताना कामिनीने पटकन आपला रुमाल पुढे केला, आणि प्रेमिलाला पुन्हा तेच टोचलं. सगळं माहीत असूनही टोचलं. तिने नजर वळवली नाही.

"बाबा काय करून राहिले?" रितिकाने विचारलं.

"त्या बाळाची जबाबदारी घेऊन राहिले."

"आणि माझी?"

"तुझी तर आहेच. तुले हे सगळं पाहायचं असन तर पुढे जाऊन पाहा."

रितिका खरंच पुढे गेली आणि अश्विनचा शर्ट धरून उभी राहिली.

नंतर आवारातल्या हॉलमध्ये जेवण होतं. प्रेमिला ताट घेऊन आली तेव्हा अश्विनच्या एका बाजूला साहिल होता, आणि दुसऱ्या बाजूला कामिनी, मांडीवर बाळ घेऊन. तिघं कशावर तरी हसत होते. दोन टेबलांपलीकडे सासूबाई एकट्या होत्या आणि शेजारची खुर्ची मोकळी होती. प्रेमिला क्षणभर तिकडे वळली, मग थांबली.

ती कामिनीपाशी गेली.

"कामिनी, जरा सरकते का? मले इथे बसायचं आहे."

कामिनीने वर पाहिलं, बाळाला छातीशी धरलं आणि एक खुर्ची पलीकडे सरकली. प्रेमिला बसली आणि तिने आपलं ताट अश्विनच्या ताटाला लावून ठेवलं.