हान नदीची दोन वर्षं

पेनच्या टोकाशी शाईचा इवलासा थेंब फुगत होता. पडला असता तर आठवड्याचं काम गेलं असतं — नीलानं तो टिपकागदानं अलगद टिपला आणि पेन पुन्हा हान नदीवर टेकवलं. १९८४ सालचा नोव्हेंबर, अमेरिकेत ॲन आर्बरमधली विद्यापीठाची नकाशे काढायची खोली, आणि समोर पारदर्शक कागदावर चौदाशे वर्षांपूर्वीचा कोरिया, तीन राज्यांचा: वर गोगुर्यो, खाली पश्चिमेला पेकचे, पूर्वेला शिल्ला. पर्समध्ये धाकट्या जावेचं, कांचनचं पत्र. सोमवारी आलेलं. आज शुक्रवार. नवऱ्याला, राजीवला दाखवलं नव्हतं... कांचनच्या लेकीला, सुमेधाला तर नाहीच.

'वहिनी, दोन वर्षं होत आली. आता माझ्या लेकीला नाताळच्या सुट्टीत पाठवून द्या.' एवढंच. बाकी पानभर नागपूरची थंडी. नीलानं मंगळवारी विमानाची एक सीट धरून ठेवायला सांगितली होती खरी, पण एजंट आज पाचपर्यंतच थांबणार होता. आणि पाच वाजून गेले तर — तर काय, सीट मिळाली नाही असं कळवायचं. त्यात खोटं ते काय?

"नीला, ५५१ सालची हद्द तुटक रेषेत हवी," डॉ. पार्क वाकून म्हणाले. ॲटलास त्यांचा होता. "पेकचे आणि शिल्ला एक झाले, गोगुर्योकडून नदीचं खोरं घेतलं, वाटून घेतलं. पण दोनच वर्षं. मग शिल्लानं सगळंच गिळलं."

"म्हणजे दगा दिला?"

"माझी आई पेकचेकडची, ती दगाच म्हणेल. बायको शिल्लाकडची, ती म्हणते, राखता येत नव्हतं तर घेतलं कशाला? चौदाशे वर्षं झाली, पण आमच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध चालूच आहे. मी आपला खाली मान घालून किमची खातो."

नीला हसली. हसताना हात हलायला नको म्हणून तिनं पेन वर धरलं, आणि तसंच धरून राहिली... तिनं आणि कांचननं मिळूनच तर मामंजींना नमवलं होतं. पोर अमेरिकेत शिकायला जाणार नाही म्हणजे नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तिकडे कांचननं त्यांची दुपारची सुपारी कातरणं बंद केलं, इकडून नीलानं दर आठवड्याला एक पत्र धाडलं, आणि तीन महिन्यांनी म्हातारा म्हणाला, "जिंकलात बायांनो. न्या दोन वर्षं." त्या दिवशी कांचन फोनवर रडली होती, नीलाही — पण दोघी एकाच गोष्टीसाठी रडत होत्या का? वीस वर्षं पाळणा न हललेल्या घरात तेरा वर्षांची पोर जिन्यावरून धडधडत उतरायला लागली, आणि परवा, पत्र पर्समध्ये असताना, तिच्या ड्रायव्हिंगच्या क्लासचा फॉर्म आला. क्लास जानेवारीत सुरू होणारा. नीलानं सही केली. 'आई' छापलेल्या ओळीवर.

"पेकचेच्या राजानं मग काय केलं?" तिनं विचारलं.

"गंमत बघा. खोरं गेलं त्याच वर्षी त्यानं आपली मुलगी शिल्लाच्या राजाला दिली. पुढच्या वर्षी चाल करून गेला आणि मारला गेला."

"आणि मुलगी?"

"तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. तिला कोण विचारतंय?"

नीलानं पेनला टोपण लावलं. डोकं दुखतंय म्हणाली. बसमध्ये बसायला जागा होती, तरी ती उभीच राहिली.

सुमेधा स्वयंपाकघरात पायावर पाय टाकून दुधातलं सीरियल खात होती. नीलानं पत्र तिच्यापुढे ठेवलं. कोट काढायचंही सुचलं नाही.

"काकू, हे कधी आलं?"

"सोमवारी."

"अँड यू साइन्ड माय फॉर्म ऑन वेन्सडे."

"हो."

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एजंटला पाचच्या आत सांगायचंय. तुला काय हवंय, सुमेधा?"

"आत्ता विचारतेयस?" तिनं घड्याळाकडे पाहिलं. पाचला पंचवीस कमी. मग पत्र घेऊन ती वर गेली. जिन्यावर या वेळी तिच्या पावलांचा आवाज झाला नाही.

पाचला पाच कमी असताना ती खाली आली आणि म्हणाली, "टेक द सीट."

ती नागपूरला गेली. अठराव्या वर्षी आपली आपण परत आली, ओहायोत शिकली, आता तिथल्याच डब्लिन गावात डोळ्यांची डॉक्टर आहे. कांचन दर उन्हाळ्यात लेकीकडे येते, चार दिवस नीलाकडेही. दोघी जावा पोहे करतात, मामंजींची नक्कल करून हसतात, त्या आठवड्याबद्दल कधी बोलत नाहीत. डॉ. पार्क आई आणि बायको दोघींना घेऊन कॅलिफोर्नियाला गेले. राजीवला सगळं कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस." सुमेधा रविवारी न चुकता फोन करते, "जेवलीस का काकू" विचारते, आणि नीला हो म्हणते, पण त्या 'हो'मागं इतक्या वर्षांत एक दिवस स्वस्थता नाही — त्या संध्याकाळी पोर आईकडे निघाली होती, की फक्त माझ्यापासून लांब? विचारलं तर ती सांगेलही. आता तेच नको वाटतं.